टॅकोमा पूल रेझोनन्सने पडला, की आणखी कशाने?

कंपनशंका: अमेरिकेतला टॅकोमा नॅरोजचा झुलता पूल 7 नोव्हेंबर 1940 रोजी ताशी जेमतेम 68 किमी वाऱ्यात कोसळला. वर्गात एका शब्दात उत्तर मिळतं: रेझोनन्स, म्हणजे बाहेरच्या धक्क्यांचा ठेका वस्तूच्या स्वतःच्या (स्वाभाविक) वारंवारतेशी जुळून झोके वाढत जाणं. पण वारा काही ठेका धरून वाहत नाही. मग पुलाला लयीत हलवलं कुणी?

गर्डर_पाहणारा: शंका रास्त आहे, हिशेबच करून बघा. गर्डरच्या (रस्त्याच्या कडेच्या आधार-तुळईच्या) कडांवरून आळीपाळीने हवेचे भोवरे सुटतात. त्यांची वारंवारता = स्ट्रूहल अंक (आकारानुसार ठरणारी संख्या) × वाऱ्याचा वेग ÷ गर्डरची उंची. इथे अंक सुमारे 0.11, वेग 19 मी/से, उंची 2.4 मी. म्हणजे सेकंदाला साधारण 0.9. पूल मात्र सेकंदाला 0.2 ने पिळत होता, पाच सेकंदांना एक हेलकावा. मेळच बसत नाही! बिल्ला आणि स्कॅनलन या अभ्यासकांनी 1991 मध्ये हेच दाखवलं.

खरं कारण फ्लटर. डेक (पुलाचा रस्त्याचा भाग) जरा पिळला की वाऱ्याशी त्याचा कोन बदलतो, आणि त्या हालचालीतूनच उठलेला दाब पीळ आणखी वाढवतो. एरवी हवा झोके शमवते. ठरावीक वेगापुढे तीच त्यांना ऊर्जा पुरवते. म्हणजे डॅम्पिंग (झोके शमवण्याचं प्रमाण) ऋण होतं. त्या सकाळी पूल आधी नुसता वरखाली लाटा घेत होता. दहाच्या सुमारास मध्यावर उत्तरेच्या केबलचा पट्टा घसरला, आणि पीळ सुरू झाला. तासाभरात गाळा (दोन मनोऱ्यांमधला भाग) खाली.

ताणकेबल: भोवऱ्यांना पुरतं निर्दोष ठरवू नका. पूल सुरू झाल्यापासूनचं वरखाली डुलणं त्यांचंच होतं. मूळ दोष सडपातळपणाचा: गाळा 853 मी, रुंदी 11.9 मी, आणि कडेला 2.4 मीटरचे भरीव प्लेट गर्डर. त्याच्या जागी 1950 मध्ये आलेल्या पुलाला 10 मी उंचीचा जाळीदार ट्रस (दांड्यांचा सांगाडा) दिला, रुंदी 18 मी केली, रस्त्यात हवा जायला जाळ्या ठेवल्या.

कंपनशंका: मग वाऱ्यात डुलणाऱ्या कारखान्याच्या पोलादी चिमणीचं काय?

गर्डर_पाहणारा: तिथे मात्र खरंच भोवरे आणि रेझोनन्स. गोल छेदाला स्ट्रूहल अंक 0.2. व्यास 1 मी आणि स्वाभाविक वारंवारता सेकंदाला 1 असेल, तर धोक्याचा वेग फक्त 5 मी/से, ताशी 18 किमी. वादळाची वाटच बघायला नको. रोजच्या वाऱ्यात आडवी डुलून बुडाच्या वेल्डला थकव्याचे तडे जातात. उपाय: वरच्या एक-तृतीयांश उंचीवर तीन सर्पिल पट्ट्या, पट्टीची उंची व्यासाच्या 0.1, एका वेढ्याचं अंतर व्यासाच्या 5 पट. पट्ट्यांनी वाऱ्याचा भार वाढतो, म्हणून पायाचे बोल्ट पुन्हा तपासायचे. हे बरेचदा राहून जातं.