भावाने घराचा हिस्सा दिला नाही, क्षमा करायची म्हणजे नक्की काय करायचं?

पिंपरीकर

सर्वांना सलाम. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितोय. वडील प्रभूजवळ गेले त्याला काही वर्षं झाली. गावी (नगर जिल्हा, म्हणजे आताचं अहिल्यानगर) आमचं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा. मोठा भाऊ तिथेच राहतो, मी नोकरीमुळे पिंपरीला. तो म्हणतो घर मी सांभाळलं, तू फ्लॅट घेतलास, तुला काय कमी आहे. नाताळाच्या आधी त्याने मागच्या जागेत बांधकाम काढलं, मला साधा फोन नाही, शेजारच्यांकडून कळलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

पैशाचा प्रश्नच नाही असं म्हणणार नाही, तो आहेच, मुलीची इंजिनिअरिंगची फी तोंडावर आलीय. पण त्याहून जास्त त्रास असा की रात्रीच्या कुटुंब प्रार्थनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही ओळ आली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, मी गप्प होतो आणि बायको-मुलगी पुढे म्हणतात. आणि बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात लिहिलंय ना की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, म्हणून मी प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या) रविवारी मागच्या बाकावर बसतो आणि न घेता निघून येतो. पाळकसाहेबांना भेटलो तर ते म्हणाले साताच्या सत्तर वेळा क्षमा करा, विषय सोडून द्या. म्हणजे हिस्सा सोडून द्यायचा का? क्षमा म्हणजे हक्कसोड पत्रावर सही का? कोणी शास्त्राला धरून सांगेल का, नुसतं "प्रार्थना करतो" नको, ती तर हवीच आहे पण उत्तर पण हवंय.

संडेस्कूलच्या बाई

दादा, सलाम. मी आयुष्यभर मुलांना मत्तय 18 शिकवला, म्हणून एक सांगते, तो अध्याय मधूनच उघडू नका. साताच्या सत्तर वेळा ही गोष्ट 22 व्या वचनात येते. त्याच्या आधी 15 व्या वचनात येशू काय सांगतो बघा, भावाने तुझा अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव. ऐकलं नाही तर अजून एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही ऐकलं तर मंडळीला (चर्चला) कळव. शिष्य पेत्राने किती वेळा क्षमा करू असं विचारलं ते हे सगळं ऐकून झाल्यावर. म्हणजे प्रभूने "काही झालंच नाही असं समज" असं कुठेही म्हटलेलं नाही, उलट जाऊन तोंडावर बोल म्हणाला, आणि आपण नेमकं तेच टाळतो, मनात धरून ठेवतो आणि बाहेर सलाम करतो, किंवा सलामही बंद करतो.

आणि पुढचा दृष्टांत नीट वाचा. त्या चाकराला राजाने दहा हजार तालांत सोडले. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय 20 मधल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत तेच येतं. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, एका माणसाला फेडायला दीड लाखाहून जास्त वर्षं लागतील. हे सगळे सांगतात. पण दुसऱ्या चाकराचं कर्ज शंभर दिनार होतं, ती तीन महिन्यांपेक्षा जास्त मजुरी झाली, आज कोणी मजुराचे तीन महिन्यांचे पैसे बुडवले तर त्याच्या घरात चूल पेटेल का? प्रभूने ते कर्ज चिल्लर ठरवलं नाही. तुमच्या भावाने केलं ते छोटं आहे असं कोणी म्हणत असेल तर ते शास्त्रातलं नाही. चाकराचा दोष हा की त्याने नरडं धरलं आणि तुरुंगात टाकलं. कर्ज मागणं वेगळं आणि नरडं धरणं वेगळं, तुम्ही कुठे उभे आहात ते तुमचं तुम्हीच बघा, मी इथून सांगू शकत नाही.

वसईवाला

मी कॅथलिक आहे तेव्हा आमच्याकडे कोमुनियनचे (प्रभुभोजनाचे) नियम थोडे वेगळे आहेत, आम्ही फादरकडे कन्फेशनला जातो, पण वचन तर तेच आहे म्हणून लिहितो. मत्तय 5:23 परत वाचा. तिथे "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर" असं नाही, "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं आहे. मग आधी हे विचारा की त्याच्या मनात तुमच्याविषयी काय आहे, तुम्ही फक्त तुमची बाजू लिहिलीत, त्याची बाजू तुम्हाला माहीत आहे का.

दुसरं म्हणजे 1 करिंथ 11 (प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र), ज्याच्या भीतीने लोक लांब बसतात. पौल अयोग्य प्रकारे खाण्याबद्दल बोलतो ते कशावरून, तर त्या मंडळीत श्रीमंत लोक आधीच जेवून घ्यायचे, कोणी प्यायलेला असायचा आणि गरीब उपाशी राहायचे, 21 वं वचन बघा. आणि उपाय काय सांगतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं असं नाही लिहिलं. मागच्या बाकावर बसून राग कमी होत नाही, वाढतो, कारण दर वेळी उठून जाताना पुन्हा भावाचीच आठवण येते. प्रभूच्या मेजाची गरज अशाच माणसाला जास्त असते असं मला मनापासून वाटतं. पाळकांना सरळ सांगा की मला घ्यायचंय, मन साफ नाही, माझ्याबरोबर बसून प्रार्थना करा.

पिंपरीकर

दोघांचे आभार. वसईवाले भाऊ, तुमचा प्रश्न लागला. त्याच्या मनात काय आहे तर आई त्याच्याकडे आहे, तिचं औषधपाणी, डोळ्याचं ऑपरेशन सगळं वहिनीने केलं, मी पैसे पाठवत होतो पण ते दर महिन्याला नाही. ताई सोलापूरला दिलीय. भावाने तिला सांगितलंय की मुलींचं लग्नात झालं, आता सही कर. तिने अजून केलेली नाही.

कोर्टाची पायरी

मी नगरला वकिली करतो आणि ख्रिस्ती आहे, आमच्या समाजातली अशी भांडणं रोज बघतो. आधी कायदा सांगतो, कारण अर्धं भांडण चुकीच्या समजुतीवर चाललेलं असतं. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागत नाही, भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 लागतो (गोव्याचं वेगळं आहे, तिथे त्यांचा स्वतःचा कायदा). आपल्यात वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क अशी गोष्टच नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर त्यात लिहिलं तसं होणार. केलं नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालेली असो वा नसो. म्हणजे घर वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं आणि मृत्युपत्र नाही असं धरलं तर घराचे 9 भाग करा, आईचे 3, तुम्हा तिघांचे प्रत्येकी 2. तुम्ही मनात अर्धं घर धरून बसला असाल तर ते तुमचं नाही, आणि भाऊ सगळं धरून बसलाय तर तेही त्याचं नाही. सगळ्यात मोठा हिस्सा आईचा आहे आणि तिला या भांडणात कोणी विचारलंय का?

ताईच्या बाबतीत तर शास्त्र पण स्पष्ट आहे. गणना 27 मध्ये सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का बुडावं, आम्हाला वतन द्या. मोशेने परमेश्वराला विचारलं आणि उत्तर आलं की त्या बरोबर बोलतात. हक्क मागणं हे अविश्वासाचं लक्षण असतं तर देवाने त्यांना गप्प केलं असतं. तिथे भाऊच नव्हते हे मान्य, पण पवित्र शास्त्रात बायकांनी वाटा मागितला आणि देवाने मान्य केला हे विसरू नका, ताईला सही करायला लावणाऱ्यांनी तर नाहीच.

साधा विश्वासणारा

सगळं ठीक आहे पण 1 करिंथ 6 कोणीच का काढत नाही? भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही अविश्वासणाऱ्यांपुढे, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही, असं पौल सरळ लिहितो. जमीन इथेच राहणार आहे. माझ्या घरात केस चालली, ती चालू असताना दोघे काका वारले आणि निकाल त्यांच्यामागे लागला. मी तर म्हणेन द्या सोडून.

कोर्टाची पायरी

तुमचं दुःख कळतं, आणि जो स्वखुशीने सोडतो त्याच्यासमोर मी मान झुकवतो. पण तोच अध्याय 5 वं वचन, पौल विचारतो तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा माणूस नाही का. म्हणजे त्याचा राग मंडळीवर पण आहे. आज मंडळीतले वडील (चर्चचे पुढारी) मध्ये पडत नाहीत, वाईटपणा कोण घेणार म्हणून दोघांना प्रार्थना करा म्हणून सांगतात, मग माणूस माझ्या ऑफिसात येतो. आणि अन्याय सोसायचा उपदेश नेहमी धाकट्यालाच, बहिणीलाच, गरिबालाच का केला जातो? घर दाबून बसलेल्याला कोणी हे वचन दाखवतं का?

संडेस्कूलच्या बाई

वकीलसाहेब अगदी बरोबर. आणि पिंपरीकर दादा, दोन वचनं शेजारी शेजारी ठेवून वाचा. मार्क 11:25, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. इथे समोरचा माणूस हजरही नाही, हे तुमचं आणि देवाचं. आणि लूक 17:3, भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. इथे दोघं समोरासमोर आहेत. पहिलं आज रात्री होऊ शकतं. दुसऱ्याला वेळ लागेल, त्यात त्याचाही भाग आहे, तो तुमच्या हातात नाही. पौल रोमकरांस लिहितो ना, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकं.

प्रार्थनेला शब्द येत नसतील तर स्तोत्र 55 मोठ्याने वाचा. "तू आपला भार परमेश्वरावर टाक" हे वचन आपल्या घराघरात कॅलेंडरवर असतं पण ते कुठल्या स्तोत्रात आहे बघा, जवळच्या माणसाने दगा दिला त्याचं रडणं आहे ते. शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण तू माझ्या बरोबरीचा, आपण एकत्र देवाच्या घरी जायचो, असं म्हणतो. राग सगळा देवापुढे ओततो आणि त्यानंतर भार टाकायची गोष्ट येते.

नागपूरचा वाचक

उशिरा लिहितोय. क्षमा झाली म्हणजे पुन्हा एका ताटात जेवायलाच पाहिजे असं वाटून बरेच लोक घाबरतात म्हणून याकोब-एसाव या भावांची गोष्ट सांगतो. उत्पत्ती 32-33, तिथे तर फसवणारा याकोब आहे. तो भीतीने आधी शेकड्यांनी जनावरं भेट पाठवतो, सात वेळा जमिनीपर्यंत लवतो, आणि एसाव धावत येऊन गळ्यात पडतो, दोघे रडतात. पण पुढे काय होतं, एसाव म्हणतो चल माझ्याबरोबर, याकोब म्हणतो तू पुढे हो, मी हळूहळू येतो, आणि सेईरला न जाता सुक्कोथला जाऊन घर बांधतो. एका गावात ते राहिले नाहीत. आणि अध्याय 35 च्या शेवटी बाप इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला पुरलं. इतकं तरी टिकलं. काही घरांत इतकंच होतं आणि ते पुष्कळ आहे. ज्याला भावांनी विकलं होतं त्या योसेफाने पण भावांना लगेच ओळख दिली नाही, भाऊ यहूदाने धाकट्या बन्यामीनच्या जागी मला ठेवा म्हटल्यावर त्याला रडू आवरलं नाही, म्हणजे भाऊ बदललेत का हे त्याने बघितलं. विश्वास पुन्हा बसायला वेळ लागला तर तुम्ही क्षमा केली नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

पिंपरीकर

सगळं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. ताईला फोन केला, तिला 9 भागांचं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मला जागा नको पण मला विचारायला तर पाहिजे होतं. पुढच्या रविवारी दोघं गावी जातोय. आधी आईशी बोलणार, तिला काय हवंय ते, आणि वहिनीला आईच्या सेवेबद्दल तिच्यासमोर धन्यवाद म्हणणार, ते आजपर्यंत कोणी म्हटलेलं नाही. मग भावाशी एकट्यात, मत्तय 18 प्रमाणे, बांधकामाचं आणि फोन न केल्याचं दोन्ही बोलणार. आईला सांभाळण्याबद्दल त्याला जास्त भाग द्यायला माझी हरकत नाही, पण ते सगळ्यांनी बसून ठरवून, ताईसकट. त्याने नाही ऐकलं तर गावच्या मंडळीतले एक जुने वडील आहेत, वडिलांचे मित्र, त्यांना बरोबर न्यायचा विचार आहे. प्रभुभोजनाविषयी पाळकसाहेबांना शनिवारी भेटतोय.

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं, असं घरात बसून ठरलं तर वाटणीपत्र करताना आईची सही लागेल ना, आणि तिला चालवत नाही तर रजिस्ट्रार ऑफिसला तिला न्यावंच लागतं का? आणि मध्यस्थाने मंडळीत बसून वाटणी केली असा कोणाचा अनुभव असेल तर तो पण लिहा.