पावसाळ्यात प्रिंटर दोन-तीन कागद एकदम का ओढतो?

प्रश्न (सेवा केंद्र चालक, दारव्हा तालुका)
सातबारा आणि दाखले छापताना आमचा प्रिंटर पावसाळ्यात दोन-तीन कागद एकदम ओढतो, तर उन्हाळ्यात रोलर नुसताच फिरत राहतो. एकच कागद वेगळा काढण्याची रचना नेमकी कशी असते?

उत्तर (प्रिंटर दुरुस्ती, पुसद)
ही रचना साधी, पण विलक्षण कल्पक आहे. रबरी रोलरसमोर एक विभाजक पॅड असतो. रोलर आणि कागद यांतील घर्षण सर्वांत जास्त, पॅड आणि कागद यांतील त्याहून कमी, तर दोन कागदांमधील सर्वांत कमी ठेवलेले असते. त्यामुळे दोन कागद आत शिरले तरी एक रोलरबरोबर पुढे जातो आणि दुसरा पॅडपाशी अडतो. दमट हवेत कागद ओलावा शोषून एकमेकांना चिकटतात, आणि उन्हाळ्यातील बारीक धूळ रबरावर बसली की रोलरची पकड सुटते. रीम बंद ठेवावी, कागद फुलवून लावावेत.

उत्तर (आयटीआय निदेशक, वर्धा)
अशीच कल्पकता १९९५ च्या आयबीएम थिंकपॅड ७०१ या लॅपटॉपमध्ये दिसते. आयबीएमचे अभियंते जॉन कारिडिस यांनी त्याचा कळफलक दोन तुकड्यांत विभागला होता. झाकण उघडताच, कोणत्याही मोटरशिवाय, ते सरकून जुळत आणि कळफलक संगणकाहून रुंद होई. मला तो यंत्ररचनेचा उत्तम नमुना वाटतो.

प्रश्नकर्ता
पॅडचा मधला भाग झिजून चकाकतो आहे. रोलर स्पिरिटने पुसावा का?

उत्तर (प्रिंटर दुरुस्ती, पुसद)
पाण्याने ओलसर केलेले सुती कापड पुरेसे आहे. पॅड मात्र बदलावाच.