आमचं लेस्टर: रोजच्या वाटेवर भेटणारं शहर

लंडन, बाथ, यॉर्क यांच्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. इंग्लंडमधल्याच लेस्टरचं नाव काढलं की मात्र दिवाळीच्या रोषणाईचा एखादा फोटो, एवढीच ओळख. इथे राहणारे, शिकून गेलेले, प्रोजेक्टवर येऊन गेलेले बरेच मराठी लोक आहेत, म्हणून हा धागा काढतेय. पर्यटनस्थळांची यादी नको. कामावर जाताना, भाजी आणताना, मुलांना शाळेत सोडताना जे लेस्टर तुम्हाला भेटतं, ते लिहा.

सुरुवात मी करते. माझं ऑफिस कॅथीड्रलच्या जवळ आहे. ऊन असलं की आम्ही तिथल्या बागेत डबे खातो. भिंतीपलीकडे इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड पुरलेला आहे. 1485 साली बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला आणि इथल्या ग्रेफ्रायर्स मठात त्याला पुरलं. आठव्या हेन्रीच्या काळात मठच मोडीत निघाला, मग कबर कुठली राहायला! त्याची हाडं सोअर नदीत फेकली ही वदंता लोकांच्या मनात इतकी पक्की बसली की 1856 मध्ये बो ब्रिजपाशी तशी पाटीसुद्धा लागली. शेवटी 2012 च्या ऑगस्टमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, एका कार पार्कचं डांबर उकरलं, तर पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. वाकडा पाठीचा कणा, लढाईतल्या जखमा, बहिणीच्या वंशजाशी जुळलेला डीएनए, असं करत करत फेब्रुवारी 2013 मध्ये राजाच तो, हे जाहीर झालं. मला त्या राजाइतकंच त्या कार पार्कचं अप्रूप वाटतं. कित्येक वर्षं लोक तिथे गाडी लावून आपापल्या कामाला जात होते!

ओडबीहून

छान विषय. एक भर घालतो. राजाला पुन्हा कुठे पुरायचं यावरून, यॉर्कमध्ये पुरा म्हणणाऱ्यांनी कोर्ट गाठलं होतं. 2014 मध्ये निकाल लेस्टरच्या बाजूने लागला आणि 2015 च्या मार्चमध्ये कॅथीड्रलमध्ये दफन झालं. मी आधी यॉर्कमध्ये शिकत होतो, तिथल्या मित्रांशी या विषयावर अजूनही भांडतो. माझं मत ठाम आहे: पाचशेहून जास्त वर्षं ज्यांनी सांभाळला, राजा त्यांचा.

बेलग्रेव्हहून

माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, सगळी गल्ली त्यांना बा म्हणते. मूळच्या राजकोटकडच्या, जन्म कंपालाचा. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिकडच्या ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. आमच्याकडे घरं नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्याच हितासाठी लेस्टरला येऊ नका, असा तिचा आशय. बा सांगतात, या गावाचं नाव आम्ही पहिल्यांदा वाचलं तेच त्या जाहिरातीत! मग सगळं कुटुंब इकडेच आलं.

त्यांनी होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर वर्षानुवर्षं काम केलं. बेलग्रेव्ह रोडवरची दुकानं तेव्हा पडून होती; यांच्यासारख्यांनी ती घेतली, रात्रंदिवस राबून उभी केली. आज त्याच रस्त्याला गोल्डन माइल म्हणतात. दिवाळीची रोषणाई 1983 पासून होते, आणि ज्या कौन्सिलने येऊ नका म्हणून छापलं होतं, तेच आता तिच्यात पुढाकार घेतं. बांना त्या जाहिरातीचा राग नाही. मला मात्र आहे, आणि म्हणूनच रोषणाईच्या रात्री त्या गर्दीत त्यांचा हात धरून चालताना मला फार अभिमान वाटतो.

आम्हा मराठी लोकांना या रस्त्याचा मोठा आधार आहे. पात्रा करायला म्हणून गुजराती बायका अळूची पानं नेतात, त्याच पानांची आमची अळूवडी होते. कढीपत्ता, ओला नारळ, सुरण, सगळं मिळतं. मोदकाची पिठी मात्र मी पुण्याहूनच आणते.

एव्हिंग्टनहून

ताई, बांबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

बर्स्टॉलहून

माझे बाबा सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर इकडे आले. लंडन दाखवलं, ते शांतपणे बघून परत आले. नंतर एका रविवारी अॅबे पंपिंग स्टेशनला नेलं, इंजिनं वाफेवर चालवतात त्या दिवशी. 1891 ची इमारत. शहराचं सांडपाणी उपसून बोमाँट लीजच्या शेतांकडे चढवायला बांधलेली. आत गिमसन कंपनीची चार प्रचंड बीम इंजिनं आहेत, इथेच लेस्टरमध्ये घडवलेली. 1964 पर्यंत हे पंपिंग स्टेशन चालू होतं. खांबांवरची नक्षी, पितळेची लकाकी बघून देवळात आल्यासारखं वाटतं, आणि हे सगळं मैलापाण्यासाठी!

बाबा दारातच थबकले. वर बीम खालीवर होतोय, बाजूला फ्लायव्हील संथपणे फिरतंय, गरम तेलाचा वास. बाबांचं इंग्रजी बेताचंच. एका व्हॉल्व्हच्या पॅकिंगमधून वाफ जरा जास्त गळत होती, तिकडे त्यांनी बोट दाखवलं. तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी वाकून बघितलं, बाबांकडे बघितलं आणि हातातलं तेल पुसायचं कॉटन वेस्ट त्यांच्या हातात दिलं. पुढे तासभर मी नुसता बाजूला उभा होतो. दोघंही हातवारे करत एका इंजिनाकडून दुसऱ्याकडे जात होते. बाबा सांगलीला परतल्यावर जो भेटेल त्याला त्या इंजिनांबद्दल सांगत होते, लंडनचा विषयही नाही.

लगेच शेजारी नॅशनल स्पेस सेंटर आहे, उंच पारदर्शक मनोऱ्यात उभी रॉकेटं. नातवंडं तिकडे, आजोबा इकडे. असा शेजार दुसऱ्या कुठल्या शहरात असेल असं मला वाटत नाही.

सध्या पुण्याहून

मी 2014 ते 2016 शिकायला होतो. शनिवारी संध्याकाळी मंडईत जायचो, दुकानं आवरण्याच्या वेळेला. पौंडाला एक वाडगा: टोमॅटो, मिरच्या, आंबे, वाडग्यात जे असेल ते पिशवीत ओतायचे. विक्रेत्यांच्या आरोळ्या ऐकून आपल्याच भाजीबाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. फुटबॉलपटू गॅरी लिनेकरच्या घरच्यांचा गाळाही याच मंडईत होता, तोही लहानपणी तिथे हाताखाली असायचा.

आणि मग 2016! हंगामाच्या सुरुवातीला इथला फुटबॉल संघ लेस्टर सिटी लीग जिंकेल यावर सट्टेवाल्यांचा पाच हजारास एक असा भाव होता. मला फुटबॉलचं काही कळत नव्हतं, पण मार्चपासून ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. 2 मेच्या रात्री चेल्सी आणि आमच्या मागोमाग असलेल्या टॉटनहॅमची बरोबरी झाली आणि आमचं जेतेपद पक्कं झालं. खिडक्या उघडून लोक ओरडत होते, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. बसचा ड्रायव्हर ताल धरून हॉर्न वाजवत होता. मिरवणूक व्हिक्टोरिया पार्कला पोचली तेव्हा शहर रस्त्यावर लोटलं होतं. पगड्या, हिजाब, साड्या, सगळ्यांवर निळे स्कार्फ. मी तेव्हापासून लेस्टरचा आहे, मग संघ कुठल्याही लीगमध्ये खेळो.

एव्हिंग्टनहून

क्रिकेटचं कोणी लिहिलंच नाही! 2024 मध्ये अजिंक्य रहाणे लेस्टरशर या काउंटी संघाकडून खेळला. ग्रेस रोडचं मैदान लहान, माणसं निवांत, सीमारेषेपाशी बसलं की खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. डोंबिवलीच्या या मुलासाठी इथे टाळ्या वाजवताना माझा घसा दाटून आला.

क्लॅरेंडन पार्कहून

आमची लेक नऊ वर्षांची आहे, तिचं लेस्टर म्हणजे न्यू वॉकवरच्या म्युझियममधला चार्नियाचा दगड. पिसासारखा किंवा नेच्याच्या पानासारखा दिसणारा जीव, सुमारे 56 कोटी वर्षांपूर्वीचा. 1957 मध्ये जवळच्या चार्नवुड फॉरेस्टमध्ये एका शाळकरी मुलाच्या तो नजरेस पडला. इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच, असं तेव्हा मोठमोठे लोक मानत होते. निसर्गावरच्या माहितीपटांचे डेव्हिड अॅटनबरो लहानपणी याच शहरात वाढले, जीवाश्म शोधत हिंडले. पण याच समजुतीमुळे त्या खडकांकडे त्यांनी पाहिलं नव्हतं. शाळेतल्या मुलाने मोठ्यांचं ज्ञान बदललं, हे लेकीला फार महत्त्वाचं वाटतं. ब्रॅडगेट पार्कला गेलो की हरणं बघायची सोडून ती खडक न्याहाळत बसते. आम्ही थांबतो. तिला काय सापडेल, कोणी सांगावं!

विगस्टनहून

रोज स्टेशनबाहेर थॉमस कूकचा पुतळा दिसतो. 5 जुलै 1841 ला त्याने इथून सुमारे पाचशे लोकांना आगगाडीने लफबराला नेलं, दारूबंदीच्या सभेला, माणशी एक शिलिंग. आपण ज्यांना केसरी-वीणाच्या सहली म्हणतो, तशा सहलींचं मूळ या स्टेशनात आहे हे आईला सांगितलं, तर तिने पुतळ्याला हात जोडले.

नाशिकहून

धागा वाचून काढला. मी सप्टेंबरमध्ये एमएस्सीला येतोय. पहिल्या आठवड्यात काय बघू?

धागाकर्ती

ये ये! पहिला आठवडा बँक आणि डॉक्टरकडे नोंदणी यातच जाईल. युनिव्हर्सिटीला मात्र बसने जाऊ नकोस, न्यू वॉकने चालत जा. 1785 पासून ती वाट पायी चालणाऱ्यांचीच आहे, दुतर्फा झाडं. म्युझियम वाटेतच लागतं, तिकीट नाही. सामानात प्रेशर कुकर आणू नकोस, बेलग्रेव्ह रोडवर मिळतो. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तोवर पोचलास तर जेवायला ये, आणि येताना बेलग्रेव्हच्या ताईंसाठी मोदकाची पिठी आणता आली तर बघ.