मदत हवी आहे: ह्योख्स्टची लढाई, नदी कोणती आणि नकाशा कुठे?

सायली_न: ह्योख्स्टच्या लढाईचा नकाशा काढतेय. एका लेखात नदी डॅन्यूब आहे, दुसऱ्यात माइन. फ्रांकफुर्टचा १९०० चा शहरनकाशा अख्खा चाळला, त्यात ह्योख्स्टच नाही! परवा काम द्यायचंय, लवकर सांगा प्लीज.

जुनीपानं: लढाई कोणत्या सालची? आणि ह्योख्स्ट कोणतं? एक ओडेनवाल्डात आहे, एक ऑस्ट्रियात. पिनकोड द्या.

सायली_न: फ्रांकफुर्ट म्हटलंय की वर! ६५९२९. साल १६२२.

मोरपंखी: ६५ म्हणजे वीसबाडेनकडचा पिन. ते फ्रांकफुर्टमध्ये नाहीच, म्हणून नकाशात नाही.

जुनीपानं: @मोरपंखी, टपालाची हद्द म्हणजे शहराची हद्द नव्हे. फोनचा कोड ०६९ आहे, तो फ्रांकफुर्टचाच. नकाशात नाही कारण १ एप्रिल १९२८ पर्यंत ते स्वतंत्र गाव होतं. १८०३ पर्यंत माइन्झच्या आर्चबिशपकडे, मग नासाऊ संस्थानाकडे, १८६६ पासून प्रशियाकडे. त्यामुळे जुनी कागदपत्रं फ्रांकफुर्टच्या शहर अभिलेखागारात कमी, वीसबाडेनच्या राज्य अभिलेखागारात जास्त. ऑनलाइन सूची 'आर्किन्सिस'वर आहे. शोधताना रोमन ओ अक्षरावर दोन टिंबं द्या (ö). टिंबांऐवजी ओ-ई लिहिलंत तर तिथल्या ह्योख्स्ट नावाच्या रसायन कंपनीच्याच फायली पुढे येऊ शकतील, कारण ते कंपनीच्या नावाचं स्पेलिंग.

आडवाटेने: डॅन्यूबचा घोळ नावाचा आहे. डॅन्यूबवरचं ते ह्योख्श्टेट, बव्हेरियात. तिथली १७०४ ची लढाई इंग्रजीत ब्लेनहाइम म्हणून ओळखतात. तुमची २० जून १६२२ ची, तीस वर्षांच्या युद्धातली. प्रोटेस्टंट बाजूचा सेनानी, ब्राउनश्वाइगचा क्रिस्टियान, त्याच बाजूच्या मान्सफेल्डच्या सैन्याला जाऊन मिळण्यासाठी माइन ओलांडत होता, कॅथलिक बाजूचा सेनापती टिली याने मागून गाठलं. पुलावर एकच गर्दी झाली आणि पुष्कळ सैनिक नदीत बुडाले. जुन्या पंचांगाप्रमाणे तारीख १० जून, त्यामुळे दोन तारखा दिसल्या तर गोंधळू नका.

सचिन_रसायन: ह्योख्स्ट म्हणजे रंगांचा कारखाना! १८६३ ला सुरू झाला, पुढे नोव्होकेन, साल्व्हर्सान ही औषधं तिथलीच. आपल्या मुलुंडलाही त्यांचा कारखाना होता. गाव मोठं झालं ते कारखान्यामुळे.

आडवाटेने: कारखान्याच्या हजार वर्षं आधी गाव होतं. जुस्टिनुस चर्च नवव्या शतकातलं, शहराचा दर्जा १३५५ चा. ७९० मधला उल्लेख 'होस्टाट', म्हणजे उंच जागा. निडा नदी माइनला मिळते तिथला काठ उंच आहे, म्हणून वस्ती तिथे.

गावभर: फ्रांकफुर्टहून एस१, एस२ लोकल जातात. नदीपलीकडे श्वानहाइमला जायला होडीही आहे.

सायली_न: जायचं नाहीये हो मला. नकाशा कुठला घेऊ?

जुनीपानं: प्रशियाची १:२५,००० ची पाहणीपत्रकं, म्हणजे सरकारी मोजणीचे नकाशे. आजच्या क्रमांकाने ५८१७ शोधा.

सायली_न: मिळालं! पण स्टेशन दिसतंय, नदी कापली गेलीय.

आडवाटेने: पानाची खालची कड ५०°०६′ वर आहे आणि ती रेषा ह्योख्स्टवरूनच जाते. खालचं ५९१७ जोडा. दोन्ही पानं एकाच आवृत्तीची घ्या, नाहीतर रस्ते आणि रूळ जुळणार नाहीत. आणि पाण्याची कड जशीच्या तशी उचलू नका. १८८३ ते १८८६ मध्ये माइनला बांध आणि जलपाश (बोटी वर-खाली नेणारी दरवाजांची कुंडं) घातले, पाणी वर चढलं. १६२२ ला नदी याहून उथळ होती. निडाचा प्रवाह तर विसाव्या शतकात सरळ केला, त्यासाठी १९२० च्या आधीचं पान घ्या.

सायली_न: ५९१७ कुठल्या सालचं आहे ते पानावर कुठे लिहिलेलं असतं?

जुनीपानं: खालच्या समासात. 'आउफनामं' म्हणजे मूळ मोजणीचं साल, 'नाखट्रेगं' म्हणजे नंतरच्या दुरुस्तीचं. दोन्ही टिपून ठेवा.