ग्रीकांच्या पानगोष्ठीतले खेळ पिणं आवरण्यासाठीच होते

कृष्णाकाठचा

प्राचीन ग्रीकांच्या मद्यखेळांवर हल्ली जे लेख आणि व्हिडिओ फिरतात, त्यांचा सूर ठरलेला असतो: कॉलेजातली पोरं पैजेवर ग्लास रिचवतात तेच अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये चालायचं, फक्त झगे घालून. मला हे साफ नामंजूर आहे. माझा दावा असा की, सिम्पोझियममधले, म्हणजे त्यांच्या पानगोष्ठीतले खेळ, गाणी, कोडी ही सगळी व्यवस्था पिणं आवाक्यात ठेवण्यासाठी उभी केलेली होती.

आधी बैठकीची रीत बघा. जेवण उरकायचं, मेजं उचलली जायची, हात धुतले जायचे, देवांच्या नावानं थोडी दारू जमिनीवर ओतली जायची आणि मगच पिण्याला सुरुवात. त्यासाठी घरात खास पुरुषांची खोली असे, तिला आंद्रोन म्हणत. उत्तर ग्रीसमधल्या ऑलिन्थसला अशा खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. मंचक भिंतींना ओळीनं लावता यावेत म्हणून दार मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलेलं. सात मंचक, फार तर अकरा किंवा पंधरा. डाव्या कोपरावर रेलून बसलेल्या प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे चेहरे दिसत.

दारू थेट पेल्यात येतच नसे. क्राटेर नावाच्या मोठ्या भांड्यात ती पाण्यात मिसळायची, आणि किती पाणी घालायचं हे सगळ्यांनी नेमलेला प्रमुख, म्हणजे सिम्पोझियार्क ठरवणार. एक भाग दारूला तीन भाग पाणी, किंवा दोनाला पाच. निव्वळ दारू पिणं हे सिथियनांसारख्या रानटी लोकांचं काम मानलं जाई. स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस सिथियनांच्या संगतीत निव्वळ दारू प्यायला शिकला आणि त्यातच त्याला वेड लागलं, असं खुद्द स्पार्टन सांगत असल्याचं इतिहासकार हिरोडोटसनं नोंदवलंय.

युबुलस नावाच्या नाटककाराच्या एका उताऱ्यात दारूचा देव डायोनायसस स्वतः हिशेब मांडतो. शहाण्यांसाठी मी तीनच क्राटेर मिसळतो, पहिलं आरोग्याचं, दुसरं प्रेमाचं आणि सुखाचं, तिसरं झोपेचं. ते संपलं की शहाणे घरी जातात. चौथं माझं नाही, ते उद्दामपणाचं. पुढे आरडाओरडा, मग रस्त्यावरचा धिंगाणा, मग काळेनिळे डोळे, आठव्याला कोर्टाचं बोलावणं, आणि दहाव्याला वेड लागून सामानाची फेकाफेक.

आता कोट्टाबोस. हा खेळ मूळचा सिसिलीचा. पेला म्हणजे कीलिक्स, पसरट, उथळ, दोन कानांचा. दारू संपत आली की तळाशी थोडा गाळ उरतो. रेलल्या अवस्थेतच उजव्या हाताची तर्जनी पेल्याच्या कानात अडकवायची, मनगट वळवायचं आणि तो गाळ असा भिरकवायचा की समोरच्या काशाच्या उंच दांडीवर तोललेली लहानशी चकती खाली पडावी. दांडीच्या मध्यावर दुसरी मोठी चकती असते, तिच्यावर आपटून ती खणकन वाजली पाहिजे. दुसऱ्या प्रकारात पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या वाट्या गाळाच्या माऱ्यानं बुडवायच्या. फेकताना आवडत्या माणसाचं नाव घ्यायचं. बक्षीस म्हणून अंडी, गोड वड्या, कधी चुंबन. ज्याचा हात थरथरतो त्याला हे जमणारच नाही.

गाण्याचंही तेच. मर्टलची डहाळी हातात घेऊन एकानं स्कोलिऑनची, म्हणजे बैठकीच्या गाण्याची, ओळ म्हणायची आणि डहाळी दुसऱ्याकडे द्यायची. त्यानं तिला जोडून पुढची ओळ लावायची. आपल्या भेंड्यांसारखंच. तर्र झालेल्याची तिथे लगेच फजिती होते.

विरोधी मतांचं स्वागत आहे, पण आधार देऊन बोला.

---

रानजाई

तुम्ही खोलीचं वर्णन इतकं बारकाईनं केलंत, पण त्या खोलीत उभं कोण होतं ते सांगितलंच नाहीत. पेले भरणारी मुलं गुलाम. आउलोस, म्हणजे दोन नळ्यांचं फुंकवाद्य, वाजवणाऱ्या मुली बहुतेक गुलाम, नाहीतर भाड्यानं आणलेल्या. अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा जो ग्रंथ ॲरिस्टॉटलच्या नावावर आहे, त्यात शहर-अधिकाऱ्यांच्या कामांची यादी आहे. त्यातलं एक काम हे: आउलोस, हार्प आणि लायर वाजवणाऱ्या मुलींचं भाडं दोन द्राख्मांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि एकाच मुलीला अनेकांनी मागितलं तर चिठ्ठ्या टाकून तिला द्यायचं. रस्त्यावरचा मैला शहराबाहेर टाकला जातोय ना, हे बघणारेही तेच अधिकारी.

निआइरा या गणिकेवरच्या खटल्यातलं भाषण वाचा, इ.स.पू. चौथ्या शतकातलं. खाब्रियास या सेनापतीनं डेल्फीच्या रथशर्यतीत जिंकल्याबद्दल मेजवानी दिली. तिथे निआइरा दारूच्या नशेत पडलेली असताना पाहुण्यांनी आणि वाढणाऱ्या नोकरांनीही तिच्याशी काय केलं, ते साक्षीदार आणून कोर्टात सांगितलंय. ते सांगण्याचा हेतू तिला बदनाम करणं हा. ज्यांनी ते केलं त्यांच्यावर खटला नाही. आवाक्यात ठेवलं होतं म्हणता, ते कोणाचं पिणं?

---

टिपकागद

धागालेखकाशी असहमत, पण माझं कारण वेगळं आहे. तुम्ही जी व्यवस्था म्हणताय ती सक्तीचीही होती.

एम्पेडोक्लिस हा सिसिलीतल्या अक्रागासचा तत्त्वज्ञ. त्याच्या चरित्रात गोष्ट आहे: एका अधिकाऱ्याच्या घरी मेजवानीला गेला असता बैठकीच्या प्रमुखानं फर्मान काढलं की पाहुण्यांनी प्यावं, नाहीतर दारू डोक्यावर ओतून घ्यावी. एम्पेडोक्लिस त्या रात्री गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं यजमान आणि प्रमुख दोघांनाही कोर्टात खेचलं आणि देहदंडाची शिक्षा करवली. त्याच्या राजकारणाची सुरुवात इथून झाली म्हणतात. 'प्या, नाहीतर निघा' हा ग्रीकांच्या मेजवान्यांचा कायदा म्हणून रोमन सिसेरोही सांगतो.

आणि युबुलसचा उतारा तुमच्याच विरोधात जातो. विनोदी नाटकाच्या प्रेक्षकांना दहाही क्राटेरांचा अर्थ लगेच कळतो, तो कशामुळे? आठव्यानंतर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं म्हणून. इ.स.पू. ४२२ मधलं ॲरिस्टोफेनिसचं 'गांधीलमाश्या' बघा. मुलगा म्हाताऱ्या बापाला शिकवतो: असं रेला, छताचं कौतुक करा, स्कोलिऑनला अशी ओळ जोडा. बाप सगळं शिकतो, मेजवानीला जातो आणि परततो तो मशाल हातात, यजमानाकडची आउलोसवाली पळवून आणलेली, मागे नुकसानभरपाई मागणारी माणसं. त्यांत एक पाव विकणारी बाई, जिच्या टोपलीतले पाव ह्यानं उधळलेले. रीत शिकल्यानं माणूस आवरला जातो हीच समजूत त्या नाटकात उताणी पडते.

---

कृष्णाकाठचा

रानजाई, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही, नाकारणार कसा? पण माझा प्रश्न खेळांच्या उद्देशाचा आहे.

टिपकागद, एम्पेडोक्लिसच्या गोष्टीचा शेवट नीट बघा. सक्ती करणाऱ्यांना मरणाची शिक्षा होते, कारण त्या हुकमात जुलूमशाहीचा वास येतो. थिऑग्निसच्या नावावरच्या कवितांत स्पष्ट आहे की, जाऊ इच्छिणाऱ्याला अडवू नका, राहू इच्छिणाऱ्याला घालवू नका, झोप लागलेल्याला उठवू नका. मिटिलीनी शहराचा शासक पिट्टाकस यानं कायदाच केला होता: नशेत केलेल्या गुन्ह्याला शुद्धीतल्यापेक्षा जास्त शिक्षा. दारूची चिंता त्यांच्या कायद्यात आहे, कवितेत आहे, मग खेळांत का नसावी?

---

उंबरठा

कोट्टाबोसच्या बाबतीत एक साधी गोष्ट धागालेखकाच्या नजरेतून निसटतेय. गाळ फेकायचा तर आधी पेला रिकामा करावा लागतो. दर फेकीला एक पेला. नेम चुकला की पुन्हा भरा, पुन्हा प्या, पुन्हा फेका. ह्याला लगाम म्हणायचं?

मला वाटतं हा खेळ देखणेपणाचा आणि प्रेमाचा होता. दक्षिण इटलीतल्या पेस्टमला १९६८ साली एक थडगं सापडलं, इ.स.पू. ४८० ते ४७० च्या सुमाराचं. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्यात सूर मारणारा तरुण रंगवलाय, म्हणून ते 'सूर मारणाऱ्याचं थडगं'. चारही बाजूंच्या भिंतींवर पानगोष्ठी. उत्तरेकडच्या भिंतीवर एका तरुणानं पेला बोटावर अडकवून उचललाय आणि शेजारच्या मंचकावरचे दोघे एकमेकांत इतके गुंतलेत की त्यांना खेळाची शुद्ध नाही. मधला माणूस खेळ सोडून त्या दोघांकडेच वळून बघतोय.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात थ्रीडी प्रिंटरनं कीलिक्स बनवून विद्यार्थ्यांकडून हा खेळ करून घेतला होता, दारूऐवजी द्राक्षाचा रस. बेसबॉलच्या चेंडूसारखं वरून फेकणं सगळ्यांत बरं जमलं, आणि अर्थात जमीनभर रस. ऑलिन्थसच्या आंद्रोनमध्ये गारगोट्यांची पक्की मोझेक जमीन का होती, ह्याचं एक उत्तर तिथे मिळतं. आणि ती जमीन सकाळी पुसणारा हात कोणाचा, हे रानजाईंनी आधीच सांगितलंय.

---

शाईपेन

अथेन्समध्येच अडकून बसू नका. ज्या घटनेशी आपल्याकडचा माणूस जोडलेला आहे ती राहूनच गेली. तक्षशिलेहून अलेक्झांडरबरोबर गेलेला साधू, ग्रीक ज्याला कालानोस म्हणतात, तो इराणात आजारी पडला आणि जिवंतपणी चितेवर बसला. इ.स.पू. ३२४. त्याच्या सन्मानार्थ अलेक्झांडरनं खेळ भरवले आणि त्यात निव्वळ दारू पिण्याची स्पर्धा ठेवली. दरबारातला खारीस सांगतो की भारतीयांना दारू प्रिय म्हणून. एका विरक्त माणसाच्या मरणाला हा सन्मान!

प्रोमाखोस नावाचा माणूस चार खोएस प्यायला, म्हणजे सुमारे तेरा लिटर. आकडा फुगवलेला असणार, कारण इतकी दारू पोटात जाणं अवघड आहे. त्याला एक टॅलेंट किमतीचं बक्षीस मिळालं आणि तीन दिवसांत तो मेला. प्लुटार्कच्या पुस्तकात आणखी एक्केचाळीस जण मेल्याचं दिलंय. हा खेळ काय आवरण्यासाठी होता?

---

कृष्णाकाठचा

शाईपेन, ती मॅसेडोनियन छावणी होती. तिथे निव्वळ दारू प्यायले, पाणी मिसळायची रीतच मोडली, म्हणून माणसं मेली. ही घटना माझ्याच बाजूनं धरतो.

उंबरठा, पेला रिकामा करावा लागतो हे खरं. पण त्या पेल्यात तीन वाटे पाणी आहे, आणि खेळणारे आळीपाळीनं फेकतात. तोवर बाकीचे बघत बसतात, टोमणे मारतात, गातात. रात्र लांबते आणि दारू पातळ होत जाते. अंगात मुरलेल्या त्या सवयीचा पुरावा म्हणून अथेन्सचा राजकारणी थेरामेनीस बघा. इ.स.पू. ४०४ मध्ये सत्तेवरच्या क्रिटियासनं त्याला विषाचा पेला प्यायला लावला, तेव्हा उरलेले थेंब त्यानं कोट्टाबोससारखे भिरकावले आणि म्हणाला, 'हे माझ्या लाडक्या क्रिटियासला.' मरतानाही ज्याचं मनगट ढळत नाही असा माणूस ह्या खेळानं घडवला.

---

टिपकागद

थेरामेनीस शुद्धीत होता, दारूनं त्याला काही शिकवलेलं नाही. आणि अथेन्समध्येही 'खोएस'चा दिवस होता हे तुम्ही विसरताय. वसंतातल्या अँथेस्टेरिया उत्सवात प्रत्येकासमोर स्वतंत्र भांडं, सव्वातीन लिटरच्या आसपास, कर्णा वाजला की मुकाट्यानं प्यायला सुरुवात, आधी संपवेल त्याला बक्षीस. गाणं नाही, कोडं नाही, गप्पाही नाहीत. हे मॅसेडोनियात नाही, अथेन्समध्ये, देवाच्या सणाला, सगळ्यांदेखत.

---

रानजाई

कृष्णाकाठचा, तुम्हाला सगळ्यांत संयमी बैठक हवी असेल तर ती प्लेटोनं रंगवलेली, इ.स.पू. ४१६ मधली नाटककार अगाथोनच्या घरची. सगळ्यांना आदल्या रात्रीची चढलेली, म्हणून ठरतं की आज कोणी कोणाला आग्रह करायचा नाही. मग वैद्य एरिक्सिमाखोस म्हणतो, आत्ताच आलेल्या आउलोसवालीला जाऊ द्या, तिनं स्वतःशी वाजवावं नाहीतर आत घरातल्या बायकांसाठी. आपण आज बोलू. ती जाते आणि प्रेमावरची भाषणं सुरू होतात.

हा संयम किती टिकतो? दार ठोठावत अथेन्सचा पुढारी अल्सिबायडीस येतो, तर्र, एका आउलोसवालीच्या खांद्यावर रेलून. येताक्षणी स्वतःला प्रमुख नेमतो, दारू गार करायचं दोन लिटरहून मोठं भांडं भरून मागवतो, एका दमात पितो आणि तेच सॉक्रेटिसपुढे करतो. पहिलीला बोलणं सुरू करण्यासाठी घालवलं, दुसरीचा आधार घेऊन ते मोडलं. दोघींपैकी एकीचंही नाव प्लेटोनं दिलेलं नाही, आणि तिथे भाषण करणाऱ्या एकेका पुरुषाचं नाव आपल्याला पाठ आहे. तुमच्या दाव्यात ह्या दोघींना कुठे बसवणार ते सांगा, मग खेळांच्या उद्देशाबद्दल पुढे बोलू.