ला बायादेर अख्खं कुठे बघायला मिळेल? आणि मुंबईतल्या स्वान लेकचा शेवट असा कसा?

रामदासपेठची_रसिका

नमस्कार मंडळी. नागपुरात बॅले बघणारं कोणी आहे का? असेल तर वाचा, नसेल तर हसून सोडून द्या.

मी लहानपणी नऊ वर्षं कथक केलं, मग नोकरी, लग्न, आणि घुंगरू माळ्यावर. मागच्या वर्षी रात्री पोरीला थोपटता थोपटता मोबाईलवर एक क्लिप आली. अंधारं स्टेज, मागे उतार, आणि पांढऱ्या कपड्यातल्या मुली एकामागून एक त्या उतारावरून खाली येऊन राहिल्या. प्रत्येकीचं तेच, एक पाय मागे उचलायचा, पुढे झुकायचं, मग कमरेतून मागे वाकायचं, दोन पावलं, परत तेच. बाकी काहीच होत नाही त्यात. पोरगी कधीची झोपली होती आणि मी अंधारात तशीच बसलेली. खाली नाव होतं ला बायादेर. तेव्हापासून तुकडे तुकडे पाहून राहिली आहे, अख्खं एकदाही नाही.

मग डिसेंबरात कळलं की मुंबईत स्वान लेक आहे, बाहेरची टुरिंग कंपनी, नाव नाही घेत. विदर्भ एक्सप्रेसने गेले, घरी सांगितलं मावसबहिणीकडे चालले (खोटं नाही, राहिले तिच्याचकडे). तिकिटाच्या पैशात घरचा कूलर बदलून झाला असता. ऑर्केस्ट्रा नाही, रेकॉर्डेड म्युझिक, आणि स्पीकर असे की बर्डीवर सेल लागल्यासारखं वाटावं. हंस मोजले तर सोळा. आणि शेवटी राजपुत्राने त्या जादूगाराचा पंखच उपटला, तो मेला, आणि तो आणि ती हंस झालेली नायिका, दोघं सुखाने उभे! मी तर वाचून गेले होते की दोघं तळ्यात जीव देतात. दुसऱ्या दिवशी एका पेपरात रिव्ह्यू, 'रसिक मंत्रमुग्ध', 'डोळ्यांचे पारणे फिटले', शेवटाबद्दल अवाक्षर नाही, रेकॉर्डेड म्युझिकबद्दल नाही. मग मला वाटलं मीच चुकीची का काय.

तर हा शेवट खरा आहे का, चांगली रेकॉर्डिंग नागपुरात बसून कशी बघता, आणि रिव्ह्यू कोणाचे वाचायचे. लिंका चोरीच्या नकोत प्लीज.

बर्डीचा_भाऊ

बाप्पा, ताई तुम्ही एकट्या नाही, मी पण आहे! ऑफिसात सांगत नाही कोणाले, एकदा सांगितलं तर पोट्टे महिनाभर टाचा उचलून चालून दाखवत होते.

रेकॉर्डिंगचं सांगतो. फुकटातलं आधी. वर्ल्ड बॅले डे म्हणून असतो, २०१४ पासून, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्या दिवशी मोठ्या कंपन्या आपला सकाळचा क्लास आणि रिहर्सल यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. परफॉर्मन्स नाही, घामेजलेल्या टी-शर्टातला सराव. पण मी खरं बघायला शिकलो तो तिथूनच, कारण मास्तर थांबवून सांगतो की हे चुकलं. रॉयल बॅलेच्या ऑफिशियल चॅनलवर छोटे तुकडे भरपूर आहेत, क्वालिटी एक नंबर.

पैसे देऊन बघायचं तर मेडिसी नावाची स्ट्रीमिंग साइट आहे, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसची स्वतःची स्ट्रीम आहे. पण कार्डाची भानगड ऐका. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा ऑटो डेबिटचा नियम बदलला ना, तेव्हापासून बाहेरच्या साइटला दर महिन्याला आपोआप पैसे कटणं म्हणजे नशिबाचा खेळ. माझं एका ठिकाणी पहिल्या महिन्याचं कटलं, दुसऱ्या महिन्याला फेल, अकाउंट बंद, आणि मी नेमका जिझेल नावाच्या बॅलेच्या दुसऱ्या अंकात. म्हणून वर्षाचं एकदम भरा, ओटीपी एकदाच. आणि भरायच्या आधी एखादा फुकट व्हिडिओ इथून चालतो का ते बघा, काही ठिकाणी 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' अशी पाटी येते आणि पैसे परत मागायला ईमेल करत बसा.

डीव्हीडी घ्यायची असेल तर रीजन पाहा. आपला भारत ५, युरोप २, अमेरिका १. मी हौसेने बाहेरून एक डिस्क मागवली, वर कस्टम भरलं, घरी लावली तर प्लेअर म्हणे चुकीचा रीजन. आता ती टीव्हीच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी उभी आहे. डब्याच्या मागे 'ऑल रीजन' किंवा शून्य असेल तरच घ्या. ओपस आर्टे नावाचं लेबल आहे, रॉयल बॅलेचं बरंच तेच काढतात, त्यांच्या डिस्क बहुतेक सगळीकडे चालतात.

फक्त_बघ्या

एवढं कायले करता भाऊ, टेलिग्रामवर सगळं पडलंय, पाहिजे तर पाठवतो

बर्डीचा_भाऊ

ताईने वर लिहिलं आहे ना बे, चोरीचं नको म्हणून. आणि ते पडलेलं काय असतं माहीत आहे, कोणीतरी थिएटरात मोबाईल धरून काढलेलं, मधात समोरच्याचं टक्कल.

घुंगरूवाली_मावशी

रसिका, तू कथक केलं आहेस म्हणून तुझ्याशी सविस्तर बोलते. मी बत्तीस वर्षं कथक शिकवते आहे, बॅले फक्त पाहिलेलं, केलेलं नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

तू पाहिलीस तो छायांचा प्रवेश. गोष्ट भारतातली, निकिया नावाची देवळातली नर्तकी, सोलोर नावाचा योद्धा, राजाची मुलगी गमझात्ती. निकियाला फुलांच्या टोपलीतून साप चावतो, ती मरते, आणि सोलोर अफू ओढून पडतो, त्या तारेत त्याला ती दिसते, एक नाही, अनेक. म्हणून त्या सगळ्या एकच गोष्ट करतात. मारियस पेतिपाने हे १८७७ ला सेंट पीटर्सबर्गला बसवलं. आता हे बघ, सगळ्यात पुढची मुलगी खाली पोचून रांग पूर्ण होईपर्यंत ती एकच हालचाल तीसहून जास्त वेळा करते, उतारावर, एका पायावर, आणि मागच्या एकीचाही पाय लटपटला तर सगळं चित्र फाटतं. आपण तत्कार करतो तसं आहे ते. तत्कारात तरी काय होतं, सांग? ता थेई थेई तत. पण वीस जणींचा एका पावलात पडला की अंगावर येतो ना. तुझ्या अंगाने ते ओळखलं म्हणून तू बसून राहिलीस.

बाकी 'भारत' म्हणशील तर हसू आवरत नाही. फकीर उड्या मारतात, मुख्य पुजारी देवाचं सोडून नायिकेच्या मागे, शिकारी भुसा भरलेला वाघ खांद्यावर घेऊन येतात, ताडोबाच्या माणसाने बघू नये. पॅरिसच्या प्रयोगात नायक हत्तीवरून येतो. आणि संगीत मिंकुसचं, जन्म व्हिएन्नाचा, त्यामुळे देवळापुढे वॉल्ट्झ वाजतो. बायादेर हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून गेलेला, नाचणारी या अर्थाचा. माझ्या काही विद्यार्थिनी चिडतात, आपल्या देवदासींची थट्टा म्हणून, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. १८३८ साली दक्षिणेतल्या खऱ्या देवदासी पॅरिसला जाऊन नाचल्या होत्या, तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या, तरी चाळीस वर्षांनी स्टेजवर आलं ते हे. मी चिडत नाही असं नाही, पण दुसऱ्या भागात चिडायला वेळच मिळत नाही.

कुठलं बघावं, तर दोन बघ. एक पॅरिस ऑपेराचं, नुरेयेव्हने बसवलेलं, १९९२ च्या ऑक्टोबरात त्याचा पहिला प्रयोग झाला आणि जानेवारीत तो गेला, शेवटचं काम त्याचं. त्याची इझाबेल गेरँ आणि लोराँ इलेर यांची रेकॉर्डिंग आहे, बत्तीस छाया. दुसरं रॉयल बॅलेचं, नतालिया माकारोव्हाची आवृत्ती, त्यात छाया चोवीसच, पण शेवटी देऊळ कोसळतं तो अंक आहे जो नुरेयेव्हकडे नाही. २०१८ च्या रेकॉर्डिंगमध्ये मारियानेला नुन्येझ निकिया आणि नतालिया ओसिपोव्हा गमझात्ती, त्या दोघींचं भांडण बघ, अभिनय अंग शिकलेल्या मुलीने बघायलाच हवं. छायांसाठी पॅरिस, भांडणासाठी लंडन.

आणि अक्रम खानने २०१६ ला इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी केलेलं जिझेल बघ. तो कथकचा माणूस. पाय बॅलेचे पण वजन जमिनीत, आपल्यासारखं.

शंकरनगर_६७

शेवटाचा खुलासा मी करतो. आपला शेवट 'चुकीचा' नाही, रसिकाताई, तो सोव्हिएत शेवट आहे. स्वान लेक पहिल्यांदा १८७७ ला मॉस्कोला झालं, फार चाललं नाही, आज आपण जे बघतो ते मुळात १८९५ चं, पेतिपा आणि इवानोव्हने सेंट पीटर्सबर्गला केलेलं, त्यात दोघं जीव देतात आणि मग परलोकात एकत्र दिसतात. सोव्हिएत काळात हे पटेना, चांगल्याने जिंकलंच पाहिजे, म्हणून पंख उपटणं आलं. मॉस्कोच्या बोल्शोई कंपनीत बॅले बसवणाऱ्या ग्रिगोरोविचला १९६९ ला करुण शेवट हवा होता, सरकारने करू दिला नाही, शेवटी २००१ ला त्याने तो केला. टुरिंग कंपन्या बहुतेक जुन्या सोव्हिएत वळणाच्या, त्यामुळे मुंबईला तुम्हाला पंख उपटलेला मिळाला.

गंमत म्हणजे तिकडे या बॅलेचा अर्थच वेगळा झाला. ऑगस्ट १९९१ ला गोर्बाचेव्ह विरुद्ध बंड झालं तेव्हा टीव्हीवर बातम्या बंद आणि स्वान लेक चालू. आम्ही तेव्हा बँकेत होतो, रेडिओवर ऐकलं, मी म्हटलं वा काय सुसंस्कृत देश आहे, साहेब म्हणाले अरे देश बुडून राहिला आहे.

रिव्ह्यूबद्दल, पेपरवाल्याला पास मिळतो आणि चारशे शब्द रात्री अकराच्या आत द्यायचे असतात, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवता. मी तीन गोष्टी शोधतो. त्या दिवशी कोण नाचलं ते लिहिलंय का, कारण मोठ्या कंपनीत एकाच बॅलेसाठी नाचणाऱ्यांचे पाच-सहा वेगळे संच असतात आणि मंगळवारचं शनिवारी लागू नाही. ऑर्केस्ट्रा होता का, कंडक्टर कोण. आणि मागच्या रांगेतल्या मुलींबद्दल एक तरी वाक्य आहे का. 'मंत्रमुग्ध' आला की मी पान उलटतो.

पण बत्तीस फुएत्ते, म्हणजे एका पायावरच्या सलग गिरक्या, मोजणाऱ्यांपासूनही जपून. १८९५ ला लेन्यानी नावाच्या नर्तकीने स्वान लेकमध्ये बत्तीस मारले तेव्हापासून लोक बोटांवर मोजत बसतात, एकोणतीस झाले तर फेल. माया प्लिसेत्स्काया तर त्या जागी फुएत्ते करतच नसे, स्टेजभर गोल चक्कर घ्यायची, आणि तिच्या एवढी काळी हंसिणी कोण झाली!

घुंगरूवाली_मावशी

काका, मोजणाऱ्यांना नावं ठेवू नका, आपल्या देशपांडे सभागृहात चक्करदारला सत्तावीस चक्कर लोक मोठ्याने मोजतात, मी स्वतः मोजते. फरक एवढाच की आपण टाचेवर फिरतो आणि समेवर येऊन थांबलो नाही तर सत्तावीस असो नाहीतर शंभर, शून्य. त्यांचंही तसंच असावं. बत्तीसाव्याला संगीताबरोबर थांबली का ते बघा, मधले कोण विचारतो.

शंकरनगर_६७

मान्य. मुजरा.

बर्डीचा_भाऊ

एक राहिलं. रेकॉर्डिंग बघताना कॅमेऱ्याचा फार वैताग येतो मला. छाया उतरून राहिल्या आहेत आणि डायरेक्टरला मधेच एकीचा चेहरा दाखवायची हौस, किंवा कमरेच्या वर फ्रेम, अरे पाय दाखव ना बाबा पाय, त्याचेच पैसे दिले आहेत. आमची आजी टीव्हीवर क्रिकेट बघताना म्हणायची, बॉल कुठे गेला ते सोडून त्याच्या बायकोला काहून दाखवतात, तसं. म्हणून मोबाईलवर बघूच नका, बत्तीस मुली मोबाईलवर म्हणजे मीठ सांडल्यासारख्या दिसतात. मोठा टीव्ही, नाहीतर प्रोजेक्टर.

रामदासपेठची_रसिका

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, म्हणजे मी चुकीची नव्हते आणि ते पण चुकीचे नव्हते, पण रेकॉर्डेड म्युझिकचं मी माफ करणार नाही. आणि रिव्ह्यूत त्या दिवशी कोण नाचलं हे खरंच कुठेच नव्हतं, आत्ता परत काढून पाहिलं.

मावशी, तुमचं तत्कारचं वाचलं आणि माळ्यावरून पेटी उतरवली. पट्ट्यांना बुरशी लागली आहे, घुंगरू ठीक आहेत.

मी पॅरिसवाली डिस्क शोधते. भाऊ, रीजन बघूनच घेईन, तुमच्या गणपतीशेजारची पाहून शहाणी झाले. एक विचार आहे, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जानेवारीत एखाद्या रविवारी भिंतीवर लावू या का? थंडीत सात वाजता अंधार असतो, शेजारी कुरकुर करणार नाहीत, वॉल्ट्झच आहे, डीजे नाही. तर्री पोहे माझ्याकडे. फक्त प्रोजेक्टर कोणाकडे आहे?

बर्डीचा_भाऊ

प्रोजेक्टर ऑफिसचा आणतो, पण शुक्रवारीच उचलावा लागतो आणि काय लावणार विचारतात.

शंकरनगर_६७

क्रिकेट सांगा. मी स्वतःची खुर्ची आणीन, गच्चीवर मांडी घालून तीन अंक आता होत नाहीत. लिफ्ट आहे का?

रामदासपेठची_रसिका

लिफ्ट तिसऱ्यापर्यंत, मग एक जिना. खुर्ची मी वर नेऊन ठेवते काका.