अंगणात चिमण्यांसाठी लाकडी घरटं करायचंय, माप आणि जागा सांगा

तापीकाठ (चोपडा):
नमस्कार मंडळी. जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं आणि चिमण्यांची सोयच गेली. जुन्या घरात छताच्या लाकडी सरांच्या सापटीत दरवर्षी चार-पाच जोड्या असायच्याच, आता एक जोडी ओट्यावरच्या ट्यूबच्या पट्टीमागे काड्या कोंबते अन् आई रोज सकाळी झाडूने काढते, परवा त्यातून अंडं पडून फुटलं तेव्हापासून आईच मागे लागलीये की यांना काहीतरी करून दे. ऑनलाइन एक मागवलं होतं, रंगीबेरंगी, पुढे बसायला दांडी वगैरे, निंबाला टांगलं, आठ महिने झाले कोणी ढुंकून पाहिलं नाही. घरी करवत-ड्रिल आहे, जुन्या दाराच्या सागाच्या फळ्या पडल्यात. भोक केवढं ठेवू? आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पिल्लं आत भाजणार नाहीत का?

सहासूत (अमळनेर):
जुना साग आहे म्हणजे अर्धं काम झालं भो. ६ इंच रुंद, ६ सूत (म्हणजे पाऊण इंच) जाडीची ४ फूट फळी पुरते. मागची बाजू १३ इंच (वरचे ३ इंच भिंतीला स्क्रू मारायला), पुढची ८, दोन्ही कडेच्या मागून १० आणि पुढून ८, म्हणजे छपराला आपोआप उतार मिळतो. कडेच्या फळ्या पुढच्या-मागच्याच्या मध्ये बसव, मग तळ साडेचार बाय ६ चा लागेल. छप्पर वेगळ्या रुंद फळीचं, ८ बाय १०, पुढे दोन इंच बाहेर निघालं पाहिजे.
भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिमी, तळापासून साधारण ५ इंच वर. इथे हात सैल सोडू नको, दोन इंच केलंस तर साळुंकी घुसेल अन् चिमणीला हाकलून देईल. माझ्याकडे होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) नव्हता तर मी गोल आखून बारीक बारीक भोकं पाडली आणि कानसने घासलं, दुपार गेली पण झालं. दांडी लावूच नको, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र टेकायला मिळते. भोकाच्या खाली आतून करवतीने आडव्या खाचा मार, गुळगुळीत फळीवर पिल्लांना वर चढता येत नाही.

धुळेकर_७७:
माप बरोबर आहे पण खान्देशात मापापेक्षा जागा जास्त महत्त्वाची. मी पहिलं पश्चिमेच्या भिंतीला लावलं होतं, एप्रिलमध्ये दुपारी हात आत घातला तर भट्टीच! पत्र्याखाली तर अजिबात नको. उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीला, छज्जाच्या सावलीत, ८-१० फुटांवर लाव. झाडापेक्षा भिंत बरी, निंबावर मांजर चढते, आणि चिमणीला तशी घराचीच सवय. कडेच्या फळ्यांना अगदी वर दोन-दोन सुतांची तीन भोकं पाड, गरम हवा निघून जाते, आणि तळाच्या चारही कोपऱ्यांत एकेक, पाणी शिरलं तर निघायला. ऑइलपेंट आतून बिलकुल नाही, बाहेरून जवसाचं तेल पुसलं तरी पुष्कळ.
आणि ओट्यावर पंखा असेल तर त्याच्यापासून लांब, प्लीज. आमच्याकडे दोन गेल्या तशा.

केळीबाग (रावेर):
एवढी सुतारकी कशाला? मडक्याला भोक पाडा, उलटं टांगा, झालं. नाहीतर २० मार्चला चिमणी दिवसाला वाटतात ती पुठ्ठ्याची.

सहासूत:
मडक्यात येतात भाऊ, नाही म्हणत नाही, पण साफ कसं करणार? एका जोडीच्या वर्षात दोन-तीन विणी होतात, प्रत्येक वेळी जुन्या काड्यांत उवा-पिसवा राहतात. म्हणून तर एक कडेची फळी बिजागरीवर ठेवायची, कडी लावायची, पिल्लं उडाली की उघडून झाडून घ्यायचं. पुठ्ठ्याचं पहिल्या पावसापर्यंत. अन् प्लायही घेऊ नका कोणी, माझ्या मेव्हण्याने केलेलं श्रावणात पापडासारखं फुगलं.

धुळेकर_७७:
अजून एक, बाजरी सगळे टाकतात पण पिल्लांना चिमणी अळ्या-किडेच भरवते. अंगणातल्या मेंदीवर औषध फवारत असाल तर बंद करा, नाहीतर घरटं असून उपयोग काय.

तापीकाठ:
झालं मंडळी! भोक पहिल्यांदा वाकडं गेलं, दीड इंचाच्या वर झालं, मग त्यावर आतून सव्वा इंची भोकाची दुसरी पट्टी ठोकली. पूर्वेच्या भिंतीला छज्जाखाली लावलंय. पंधरा दिवस कोणीच नाही, आई म्हणे सागाची फळी वाया घालवली.

केळीबाग:
धीर धर, येतीन. ट्यूबमागच्या काड्या काढणं चालूच आहे ना?

तापीकाठ:
पट्टीमागे चिंधी कोंबली. काल सकाळी नर आला, छपरावर बसून अर्धा तास चिवचिव, आत डोकावला, बाहेर, परत आत. आज भोकातून आईच्या झाडूचीच काडी लोंबतेय. आता कळलं झाडू का बारीक होत चाललाय. दुसरं घरटं शेजारीच लावलं तर भांडतील का हो? दोन फळ्या उरल्यात.

सहासूत:
नाही भांडत, चिमण्या वस्तीनेच राहतात. दोन-तीन फुटांवर लाव. आणि यावेळी भोक आधी आखून घे.